९३१ सामने आणि हरवलेल्या पायऱ्या

सातारा शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार एक लाख वीस हजारांच्या आसपास होती. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रिम्स्बी नावाचे मासेमारीचे बंदर आहे. त्याची लोकसंख्या त्याच वर्षी नव्वद हजारांच्याही आत होती. म्हणजे हे गाव साताऱ्याहून लहान, आणि सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या तर पाचव्या हिश्श्याहूनही कमी. या गावाला १८७८ पासून स्वतःचा फुटबॉल क्लब आहे. क्लबचे मैदान शेजारच्या क्लीथॉर्प्सच्या हद्दीत असले तरी नाव ग्रिम्स्बीचेच लागते. हा क्लब २०१० मध्ये व्यावसायिक लीगच्या बाहेर फेकला गेला, २०१६ मध्ये परतला, २०२१ मध्ये पुन्हा बाहेर गेला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा आत आला. २७ ऑगस्ट २०२५ रोजी त्याने लीग चषकाच्या सामन्यात मँचेस्टर युनायटेडसारख्या बलाढ्य संघाला पेनल्टी शूटआऊटमध्ये १२-११ असे नमविले, तेव्हा जगभरच्या क्रीडापानांवर त्याचे नाव झळकले. एरवी या क्लबची बातमी आपल्यापर्यंत पोहोचण्याचे काही कारण नाही.

याच ग्रिम्स्बीत जन्मलेला टोनी फोर्ड नावाचा एक मुलगा ऑक्टोबर १९७५ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, गावच्या संघातून पहिला सामना खेळला. शेवटचा सामना त्याने खेळला तो २००१ मध्ये रॉचडेलकडून. तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. मधल्या सव्वीस वर्षांत त्याने इंग्लिश लीगचे ९३१ सामने खेळले. गोलरक्षक वगळता इंग्लिश लीगमध्ये दुसऱ्या कोणाही खेळाडूने इतके सामने खेळलेले नाहीत. त्याच्या पुढे आहे तो केवळ पीटर शिल्टन, आणि तो गोलरक्षक. फोर्ड उजव्या बाजूने खेळायचा. तारुण्यात मधल्या फळीत आणि विंगवर, वय वाढल्यावर बचावात. इंग्लंडच्या मुख्य संघात त्याला कधीच स्थान मिळाले नाही. 'ब' संघातून दोन सामने मिळाले, तेवढेच. ग्रिम्स्बी, स्टोक, वेस्ट ब्रॉमविच, पुन्हा ग्रिम्स्बी, स्कंथॉर्प, बॅरो, मॅन्सफिल्ड, रॉचडेल असा त्याचा प्रवास झाला. मधे संडरलँड आणि ब्रॅडफोर्ड येथे तो उसना म्हणून जाऊन आला. आपल्याकडील फुटबॉलवेड्या मुलांच्या खोलीत या माणसाचे भित्तिचित्र सापडणार नाही. तरीही सव्वीस वर्षे त्याचे घर फुटबॉलवर चालले.

हे सारे आठवण्याचे कारण घरचेच आहे. सांगलीत विश्रामबागच्या बाजूला किंवा साताऱ्यात शाहू क्रीडा संकुलाच्या परिसरात संध्याकाळी फेरफटका मारला, तर क्रिकेटच्या खेळपट्टीशेजारी फुटबॉल खेळणारी मुले आता हमखास दिसतात. त्यांच्या अंगावर मेसीचे किंवा रोनाल्डोचे नाव असते. कुंपणाबाहेर दुचाकीवर बसून वाट पाहणारे पालकही असतात आणि वार्ताहराची ओळख पटली की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, 'यात पुढे काही आहे का हो?' या प्रश्नाला मेसीचे चरित्र उत्तर देऊ शकत नाही. लाखांत एकाच्या वाट्याला येणारी गोष्ट उरलेल्यांना कसली दिशा दाखविणार? उत्तर शोधायचे तर टोनी फोर्डच्या आयुष्यात शोधावे लागते. चांगला, पण असामान्य नव्हे, अशा खेळाडूचे पुढे काय होते, हाच खरा प्रश्न आहे.

शिडी उभी कशी राहते?

इंग्लंडमधील फुटबॉलची रचना शिडीसारखी आहे. सर्वांत वर प्रीमियर लीगचे २० क्लब. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू या तीन श्रेणी, प्रत्येकी २४ क्लबांच्या. असे ९२ क्लब पूर्णतः व्यावसायिक मानले जातात. त्याखाली नॅशनल लीग आणि तिच्या उत्तर-दक्षिण शाखा. तेथे काही संघ पूर्णवेळ, तर काही संघांतले खेळाडू दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला येणारे. त्याखालीही जिल्ह्या-तालुक्यांपर्यंत पायऱ्या उतरत जातात. या पायऱ्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्यात दरवर्षी होणारी चढ-उतार महत्त्वाची. वरचे खाली येतात, खालचे वर जातात. व्यावसायिक लीगमधून बाहेर पडण्याचे आणि आत येण्याचे दारही १९८६-८७ च्या हंगामापासून कामगिरीच्या बळावर उघडते. त्याआधी ते क्लबांच्या मतदानावर अवलंबून असे आणि मत देणारे अर्थातच एकमेकांचे शेजारी असत.

या शिडीवर चढणाऱ्या मुलाचे वेळापत्रक ठरलेले असते. आठ-नऊ वर्षांचा असताना तो एखाद्या क्लबच्या अकादमीत दाखल होतो. सोळाव्या वर्षी क्लबला पसंत पडला तर दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळते. यात सराव आणि शिक्षण दोन्ही चालू राहते. पूर्वी याच मुलांना उमेदवार म्हणत आणि त्यांच्याकडून वरिष्ठ खेळाडूंचे बूट घासून घेतले जात. अठराव्या वर्षी व्यावसायिक करार मिळतो किंवा 'आपली वाट शोधा' असे सांगितले जाते. बहुसंख्य मुलांना दुसरेच ऐकावे लागते. मात्र तेथे गोष्ट संपत नाही, हे या रचनेचे वैशिष्ट्य होय. वरच्या श्रेणीने नाकारलेला मुलगा तिसऱ्या श्रेणीत चाचणी देतो, तेथे नाही जमले तर पाचव्या. जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडेने सोळाव्या वर्षी काढून टाकले. तो कारखान्यात काम करीत स्थानिक संघातून खेळत राहिला, पाचव्या श्रेणीतून २०१२ मध्ये लेस्टरकडे आला आणि २०१६ मध्ये प्रीमियर लीग विजेता ठरला. वार्डीची गोष्ट परीकथा आहे हे खरे. परंतु परीकथा घडायलाही पाचवी श्रेणी अस्तित्वात असावी लागते.

मधल्या फळीतील खेळाडूला तर या खालच्या पायऱ्यांची गरज अधिक. आघाडीपटूचे मोल गोलांनी मोजता येते, गोलरक्षकाचे अडविलेल्या चेंडूंनी. मधल्या फळीतला माणूस एका सामन्यात दहा-बारा किलोमीटर धावतो, चेंडू हिसकावतो, पुढच्याला देतो, मागच्याची चूक झाकतो. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तांतात त्याचे नाव बहुधा नसते. हा खेळाडू घडतो तो सामने खेळून. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला म्हणूनच मोठे क्लब खालच्या श्रेणीत उसने देतात. पगाराचा काही भाग मूळ क्लब भरतो, काही घेणारा क्लब. तेथे चिखलाच्या मैदानावर तिशीतले, संसारी, कराराची चिंता असलेले प्रतिस्पर्धी त्याला भेटतात. लीगच्या एका हंगामात प्रत्येक संघाचे ४६ सामने होतात. दोन हंगामांत नव्वदी गाठता येते. आपल्याकडील मुलाला एवढे सामने मिळविण्यास किती वर्षे लागतात, ते पुढे पाहू.

या जगाला ऐषआरामी समजण्याचे कारण नाही. खालच्या श्रेणीतील करार एक-दोन वर्षांचे असतात आणि ३० जूनला संपतात. मे महिन्यात क्लब ठेवलेल्या आणि सोडलेल्या खेळाडूंची यादी जाहीर करतात. तिशी ओलांडलेल्या खेळाडूच्या घरात त्या आठवड्यात काय वातावरण असेल, याची कल्पना दहावी-बारावीच्या निकालाची वाट पाहणाऱ्या घरांना यावी. फरक एवढाच की हा निकाल दरवर्षी लागतो. खेळाडूंनी जे थोडे संरक्षण मिळविले तेही भांडून. त्यांची संघटना १९०७ मध्ये स्थापन झाली. तरी १९६१ पर्यंत कोणत्याही फुटबॉलपटूला आठवड्याला २० पौंडांहून अधिक वेतन देता येत नसे. खेळाडू कितीही मोठा असो, मर्यादा तीच. जिमी हिल या मधल्या फळीतल्याच खेळाडूच्या नेतृत्वाखाली संघटनेने संपाचा इशारा दिला आणि ही मर्यादा गेली. करार संपलेल्या खेळाडूला जुन्या क्लबला मोबदला न देता दुसरीकडे जाण्याची मोकळीक तर १९९५ च्या बॉसमन निकालानंतर मिळाली.

बरी, ब्लॅकबर्न आणि आपण

इंग्लंडच्या या खालच्या पायऱ्यांशी भारताचा, आणि थोडा महाराष्ट्राचाही, संबंध आलेला आहे. १९९९ मध्ये बायचुंग भुतिया याने मँचेस्टरजवळच्या बरी या क्लबशी करार केला. तेव्हा हा क्लब तिसऱ्या श्रेणीत होता. भारतीय फुटबॉलचा सर्वांत मोठा तारा इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत दाखल होतो, यातच दोन्ही देशांच्या खेळातले अंतर स्पष्ट झाले होते. दुखापती आणि क्लबची आर्थिक ओढाताण यांमुळे तीन हंगामांत त्याला लीगचे चाळिसाच्या आत सामने मिळाले. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये पैशांच्या गैरव्यवस्थेमुळे बरी क्लबचीच लीगमधून हकालपट्टी झाली. म्हणजे ती शिडीही काही लोखंडी नव्हे, तिच्याही पायऱ्या मोडतात. मात्र बरीच्या समर्थकांनी गावात नवा संघ उभा केला आणि तो शिडीच्या तळापासून पुन्हा चढू लागला. चढण्यासाठी तळ शिल्लक होता.

दुसरा संबंध थेट पुण्याचा. कुक्कुटपालन व्यवसायातील व्यंकटेश्वरा हॅचरीज, म्हणजेच 'वेंकीज', या पुण्यातील उद्योगसमूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब विकत घेतला. १८८८ मध्ये सुरू झालेल्या फुटबॉल लीगच्या संस्थापक क्लबांपैकी हा एक आणि १९९४-९५ चा प्रीमियर लीग विजेता. नव्या मालकांनी महिनाभरातच अनुभवी व्यवस्थापकाला नारळ दिला. मे २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून घसरला, तेव्हा संतप्त प्रेक्षकांनी क्लबचा ध्वज गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. मालकांच्या व्यवसायावरचा हा शेरा पुण्यात कसा वाचला गेला असेल कोण जाणे. २०१७ मध्ये क्लब आणखी एक पायरी खाली, लीग वनमध्ये गेला. तो पुढच्याच हंगामात वर आला. याच ब्लॅकबर्नचा संघ २०११ मध्ये पुण्यात बालेवाडीला येऊन पुणे एफसीविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना खेळून गेला होता. त्या सामन्यातला इंग्लिश क्लब चुका, निदर्शने आणि दोन घसरणी पचवून टिकला. त्या दिवशीचा यजमान क्लब पाच वर्षेही टिकला नाही.

तीन क्लब, तिन्ही बंद

येथून आपल्या गोष्टीला सुरुवात होते. महाराष्ट्रात कारकीर्द घडविलेल्या मधल्या फळीतील खेळाडूंमध्ये खालिद जमील यांचे नाव आज सर्वपरिचित आहे, ते प्रशिक्षक म्हणून. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांची भारतीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी नियुक्ती झाली. तेरा वर्षांनंतर या पदावर भारतीय माणूस आला. खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द मुंबईतील महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या तीन क्लबांत गेली. भारताकडूनही ते खेळले. दुखापतींनी ही कारकीर्द अकाली थांबविली आणि ते मुंबई एफसीचेच प्रशिक्षक झाले. पुढे २०१६-१७ मध्ये मिझोरममधील ऐझॉल एफसीला त्यांनी आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. तो भारतीय फुटबॉलमधील मोठा चमत्कार मानला जातो.

आता त्या तीन क्लबांकडे पाहा. महिंद्र युनायटेड २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. एअर इंडियाला २०१३ मध्ये परवान्याच्या निकषांवर आय-लीगमधून वगळण्यात आले. मुंबई एफसीचा कारभार २०१७ मध्ये आटोपला. देशाच्या प्रशिक्षकाला 'आपण कोणाकडून खेळलात?' असे कोणी विचारले, तर त्यांना तीन मृत संस्थांची नावे सांगावी लागतील. फोर्डच्या गावी आजही ग्रिम्स्बीचा सामना असतो.

पुण्याची कहाणी याहून वेगळी नाही. पुणे एफसी २००७ मध्ये स्थापन झाला, २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर आला आणि काही वर्षांत गुंडाळला गेला. भारत एफसी जेमतेम एक हंगाम, २०१४-१५, खेळला. डीएसके शिवाजियन्सने लिव्हरपूलच्या सहकार्याने अकादमी काढली, दोन हंगाम आय-लीग खेळली आणि २०१७ नंतर तोही संघ दिसेनासा झाला. इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. बारा वर्षांत एका शहरातून चार क्लब नाहीसे झाले. हे क्लब वाईट खेळत होते म्हणून गेले नाहीत. खेळात हरले असते तर खालच्या श्रेणीत गेले असते. ते गेले ते एखाद्या उद्योगसमूहाच्या ताळेबंदात त्यांची गरज उरली नाही म्हणून. साताऱ्यापासून पुणे जेमतेम एकशे दहा किलोमीटर. या चार क्लबांपैकी एक जरी टिकला असता, तरी सातारच्या मुलाला वरची पायरी एका एसटीच्या अंतरावर होती.

कोल्हापूरचा अपवाद

सांगलीपासून दुसऱ्या दिशेला, पन्नास किलोमीटरवर, चित्र अगदी वेगळे आहे. कोल्हापुरात फुटबॉल पेठांच्या आणि तालमींच्या आधाराने वाढला. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब या नावांना तेथे जी निष्ठा आहे ती ग्रिम्स्बी-रॉचडेलच्या निष्ठेच्याच जातीची. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या वरिष्ठ गटात सोळा संघ खेळतात. शाहू स्टेडियमवर पेठेतल्या दोन संघांचा सामना असला की दुपारपासून गर्दी होते. उद्योगपतीने हात काढला म्हणून पाटाकडील तालीम बंद पडणार नाही, कारण ती कोणा एकाच्या मालकीची नाही. या उत्साहाला हुल्लडबाजीचे गालबोटही अनेकदा लागले आहे, हेही सांगितले पाहिजे.

परंतु कोल्हापूरची ही पायरी वरच्या पायरीला जोडलेली नाही. पेठेतली सर्वांत बलवान तालीम सलग कितीही वर्षे विजेती ठरली, तरी ती आपोआप राज्याच्या किंवा देशाच्या लीगमध्ये चढत नाही. तेथील खेळाडू गावात नायक असतो आणि गावाबाहेर अनोळखी. ज्याला पुढे जायचे आहे त्याला कोल्हापूर सोडावेच लागते.

अनिकेत जाधवने ते लहान वयातच सोडले. १३ जुलै २००० रोजी कोल्हापुरात जन्मलेला हा मुलगा. वडील रिक्षाचालक. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीच्या निवासी योजनेतून तो पुण्यात आला. ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला. फिफाच्या कोणत्याही विश्वचषकात खेळण्याची भारतीय पुरुष संघाची ती पहिलीच वेळ. त्या संघात आणखी एक मराठी नाव होते, अमेरिकेत वाढलेला बचावपटू नमित देशपांडे. भारत तिन्ही सामने हरला, पण ती मुले देशाला माहीत झाली. महासंघाने त्यांच्यासाठी इंडियन अॅरोज हा संघ आय-लीगमध्ये उतरविला, म्हणजे सामने खेळण्याची सोय केली. अनिकेतला काही काळ ब्लॅकबर्न रोव्हर्सच्या युवा संघाबरोबर सराव करण्याचीही संधी मिळाली. पुण्याच्या मालकांचा इंग्लिश क्लब आणि कोल्हापूरचा मुलगा यांची गाठ लँकेशायरमध्ये पडावी, हा योग विलक्षणच. पुढे जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल, ओडिशा असा त्याचा प्रवास झाला. २०२१-२२ मध्ये इंडियन सुपर लीग जिंकणाऱ्या हैदराबाद संघात तो होता आणि २०२२ मध्ये वरिष्ठ भारतीय संघाचेही त्याला बोलावणे आले.

अनिकेत आघाडीवर किंवा बाजूने धावणारा खेळाडू. त्याची कारकीर्द यशस्वीच म्हटली पाहिजे. पण वरील यादीत महाराष्ट्रातले एकही गाव नाही, हे नजरेतून सुटू नये. शिवाय त्यातील इंडियन अॅरोज हा संघही महासंघाने २०२२ मध्ये बंद केला. अनिकेतनंतर येणाऱ्या मुलाला ती पायरी उपलब्ध नाही.

मधल्या फळीतल्या मुलापुढे आणखी एक अडसर आहे. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा मैदानावर एका संघाचे सहा परदेशी खेळाडू उतरू शकत. ही संख्या पुढे पाचावर आणि २०२१-२२ पासून चारावर आली. क्लब हे परदेशी खेळाडू बहुधा संघाच्या मधोमध खेळवितात, म्हणजे बचावाच्या मध्यभागी, मधल्या फळीत आणि गोल करण्याच्या जागी. भारतीय मुलांच्या वाट्याला बाजूच्या जागा अधिक येतात. मधल्या फळीत खेळ रचणारा भारतीय खेळाडू का घडत नाही, असा प्रश्न राष्ट्रीय संघाच्या प्रत्येक पराभवानंतर विचारला जातो. त्याच्या उत्तराचा निदान अर्धा भाग येथे आहे, असे या प्रतिनिधीचे मत आहे.

सातारा-सांगलीचा मुलगा कोठे जातो?

मग विश्रामबागच्या कुंपणाबाहेरील त्या प्रश्नाचे काय? शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे कोल्हापूर विभागात मोडतात. सुब्रतो चषकासाठी तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा फेऱ्या होतात. जिल्हा जिंकलेला सांगलीचा किंवा सातारचा संघ विभागीय फेरीत कोल्हापूरच्या शाळांसमोर उभा राहतो, आणि पेठेत वाढलेल्या मुलांपुढे ही परीक्षा अवघडच. येथे बाद झालेल्या गुणी मुलाचा हंगाम चार-पाच सामन्यांत संपतो. ग्रिम्स्बीचा मुलगा दोन हंगामांत नव्वद सामने खेळू शकतो, ते या पार्श्वभूमीवर वाचावे. आपल्या मुलाला तेवढे सामने मिळेपर्यंत त्याचे महाविद्यालय संपलेले असते.

या दोन जिल्ह्यांत खेळाची परंपरा नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पदक मिळविणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारी ललिता बाबर माण तालुक्यातली. स्मृती मानधना सांगलीत घडली. कबड्डीत २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू होताच सांगली जिल्ह्यातील काशिलिंग आडकेसारखे खेळाडू घराघरांत पोहोचले, कारण त्याखाली गावोगावच्या मंडळांच्या स्पर्धा आधीच भक्कम होत्या. कुस्तीला गावच्या जत्रेतल्या फडापासून महाराष्ट्र केसरीपर्यंत वाट आहे. या भागाला शिडी म्हणजे काय ते चांगले ठाऊक आहे. फुटबॉलची शिडी तेवढी येथे कोणी उभी केलेली नाही.

असे असले तरी दारे अगदीच बंद नाहीत. क्रीडा प्रबोधिनीची निवड चाचणी लहान वयात द्यावी लागते आणि तेथे निवास, आहार, शिक्षण यांचा भार शासन उचलते. लष्कराची वाट या दोन जिल्ह्यांना नवी नाही. सेनादलाचा संघ संतोष करंडक वारंवार जिंकतो आणि त्यातील खेळाडूला नोकरीची शाश्वती असते. रेल्वे आणि इतर खात्यांचे संघ पूर्वीइतके राहिले नसले तरी आहेत. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी ठरावीक स्तरावरील स्पर्धेची प्रमाणपत्रे लागतात. ती जपून ठेवण्याची सवय मात्र आपल्या क्रीडा मंडळांना नाही आणि पालकांनाही ऐनवेळी धावाधाव करावी लागते.

फुटबॉल हाच व्यवसाय करायचा, तर मुलाला सोळाव्या-सतराव्या वर्षी हा परिसर सोडावा लागेल आणि तो ज्या क्लबात जाईल तो क्लब पाच वर्षांनी असेल याची हमी कोणी देणार नाही. २०२५ मध्ये तर देशाची सर्वोच्च लीगच अडचणीत आली. महासंघ आणि लीगचे व्यावसायिक भागीदार यांच्यातील करार संपत आल्याने जुलैमध्ये हंगाम लांबणीवर टाकण्यात आला, काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन थांबविले आणि हंगाम सुरू व्हायला २०२६ उजाडावे लागले. बरीचे खेळाडू २०१९ मध्ये ऐन हंगामात रस्त्यावर आले, तेव्हा करार करायला आणखी ९१ क्लब होते. आपल्याकडे सारे क्लब एकाच वेळी थबकले.

खालच्या पायऱ्यांवर अलीकडे काही हालचाल दिसते. आय-लीगच्या विजेत्याला वरच्या श्रेणीत चढण्याची मुभा २०२२-२३ पासून मिळाली आणि पंजाब एफसी त्या वाटेने वर गेला. पुढच्या वर्षी कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग गेला. २०२३ पासून आय-लीगची तिसरी श्रेणीही सुरू झाली आणि तिच्यासाठी राज्य संघटनांकडून क्लबांची नावे जातात. म्हणजे कागदावर तरी राज्याच्या लीगमधून देशाच्या शिखरापर्यंत सलग शिडी तयार आहे. महाराष्ट्रात ही शिडी मुंबईतून सुरू होते. कूपरेजच्या आसपासच्या लीगमध्ये खेळणाऱ्या क्लबांना तिचा उपयोग आहे. कोल्हापूरच्या सोळा तालमींपैकी एखादीने, किंवा सांगली-मिरजेतल्या एखाद्या मंडळाने, त्या वाटेवर जायचे ठरविले तर मैदान, परवाना, प्रशिक्षकाची पदविका, युवा संघ आणि प्रवासखर्च एवढ्या गोष्टी जमवाव्या लागतील. यांतल्या मैदानाची अडचण सर्वांत मोठी, असे दोन्ही जिल्ह्यांतील प्रशिक्षक सांगतात. जत्रा, प्रदर्शने, सभा आणि पोलीस भरती यांतून उरलेले दिवस खेळासाठी, अशी बहुतेक मैदानांची स्थिती आहे.

पुढल्या मे महिन्यात इंग्लंडमधील क्लबांच्या याद्या नेहमीप्रमाणे लागतील. शेकडो खेळाडूंची नावे वगळली जातील आणि त्यांतील बरेचजण जुलैच्या सरावाला दुसऱ्या एखाद्या गावच्या मैदानावर हजर होतील. त्याच सुमारास सांगलीत शाळा सुरू होतील, जिल्हा क्रीडा कार्यालयात सुब्रतो चषकाचे प्रवेशअर्ज येऊ लागतील आणि पहिल्या पावसात शिवाजी स्टेडियमवर पुन्हा चिखल होईल. चिखलात खेळण्याची सवय असलेल्या मुलांना टोनी फोर्डचे ९३१ सामने कोठे झाले असतील, ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.